घोंगडी बारवेचं पान

‘लिंक उघडत नाही’ हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा ऐकते, की माझ्या चितेजवळही कुणीतरी वाकून तेच म्हणेल. आणि मी उठून विचारीन, कुठल्या पानाची?

चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही विहिरी मोजतो. म्हणजे मोजणारी माणसं उन्हात फिरतात आणि मी त्यांनी आणलेली माहिती संगणकावर बसवते. औरंगाबाद चारही बाजूंनी सुटलं होतं. शेतांचे प्लॉट पडत होते, प्लॉटांवर कमानी उभ्या राहत होत्या, आणि त्या सगळ्याखाली कुठली विहीर जिवंत आहे नि कुठली मेली, हे विकास आराखड्याच्या समितीला हवं होतं. म्हणून आम्ही विकी उभी केली, विहीरकोश. एका विहिरीला एक पान. पानावर फोटो, नकाशातली जागा आणि प्रत्येक मोजणीला पाणी कुठं होतं त्याचा इतिहास. कोशाची सगळी जबाबदारी माझी, सुलेखाची. त्यात कुणी बोट घातलेलं मला खपत नाही.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही यायचं असलं तर. टँकर दिसला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. अशा दिवसांत सुगंधाबाई जिना चढून ऑफिसात आल्या. डोक्यावर पदर, पायात जाड वहाणा, आणि बसा म्हटलं तरी बसेनात.

“मॅडम, तुमच्या कंपुटरात आमची बारव हाय व्हय?”

“कुठली बारव?”

“घोंगडी बारव. हर्सूलच्या तळ्याच्या वरल्या अंगाला, जटवाड्याच्या रस्त्यानं आमची धनगराची वस्ती हाय. तिथली.”

मी शोधून दाखवली. दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, तळाशी हिरवट काळं पाणी. चहूकडे सगळं कोरडं पडलेलं असताना या बारवेत पाणी होतं, आणि वस्ती, मेंढरं, आसपासची दोनचार घरं त्यावर तगून होती.

“मंग सायेब कामून म्हणायलेत, नाय म्हणून?” त्यांचा आवाज चढला. “तिच्यावरून रस्ता चाललाय. बुजवणारेत तिला. आमी तिथं जाऊन हरकत घेतली तर म्हणतेत, पान उघडत नाय, म्हंजी बारव नाय.”

तिढा लक्षात आला. समितीचा नियम असा होता की हरकत ईमेलनेच घ्यायची आणि सोबत कोशातल्या पानाची लिंक द्यायची. फाईल जोडलेली चालणार नाही. फाईल काय, कुणीही बनवतो. पानाला इतिहास असतो. हा नियम मीच सुचवला होता आणि त्यावर शाबासकीही मिळवली होती.

“लिंक आहे ना? मग उघडेल,” मी म्हटलं. “माझं नाव सुलेखा आहे. नाही उघडली तर विचारा.”

मराठी पानांच्या लिंका ईमेलमधून तुटतात, त्याला भुताटकी लागत नाही. पत्त्यातली मराठी अक्षरं वाटेत टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होतात. जुन्या सरकारी मेलला लांब ओळ पेलवत नाही, ती मधेच मोडते आणि अर्धी लिंक खालच्या ओळीत जाऊन पडते. पत्त्याच्या शेवटी कंस असला तर तो बाहेर राहतो. वाक्याचा पूर्णविराम मात्र आगंतुकासारखा आत घुसतो. मी प्रत्येक पानाला एक क्रमांक दिला आणि नुसत्या आकड्यांची आखूड लिंक केली. तुटायला काही उरलंच नाही. मग एकेक पान तपासलं. कोशातल्या सगळ्या विहिरी ईमेलमधून उघडल्या.

घोंगडी बारव उघडली नाही.

कुठलीही लिंक दुसऱ्याला धाडण्याआधी मी ती स्वतःला धाडते. आमच्या धंद्यातली ती साधी शिस्त आहे. आचारी भाजीचं मीठ चाखतो तशी. तेव्हा मी स्वतःला मेल केली, उघडली आणि लिंकवर टिचकी मारली. पान सापडलं नाही की दिसणारा मजकूर मीच लिहिलेला आहे: ‘हे पान उपलब्ध नाही. कृपया पत्ता तपासा.’ त्याऐवजी समोर आलं:

इथं नाही. पुढं बघा.

खाली दुसऱ्याच एका विहिरीची लिंक होती. हे कुणी लिहिलं म्हणून मी सगळा कोश धुंडाळला. तो मजकूर कुठंच नव्हता. शेजारच्या खिडकीत तेच पान थेट उघडलं, तर पायऱ्या आणि पाणी, सगळं जागच्या जागी.

“बिभीषण, तुला एक मेल टाकलीय. बघ बरं.”

बिभीषण माझ्यासमोर बसतो. नकाशे त्याच्याकडे असतात. राहायला उस्मानपुऱ्यात, अर्धं बोलणं हिंदीत. त्यानं टिचकी मारली. “पुढं बघा म्हणतंय मॅडम. क्या बात है, मशीन पण मराठवाडी झालं.”

त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि माऊस हातात दिला. तिथं पान उघडलं. स्वतःच्या जागेवर गेला, नाही उघडलं. त्याचा संगणक मी आतून बाहेरून तपासला. दुसरा दिला. दुसऱ्या खात्यातून मेल पाठवली. शेजारी बसून दाखवलं की उघडायचं, पाठवलं की नाही. मी चिडले. यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत, आणि यायला लागली तर मला नोकरी उरणार नाही.

मुदत जवळ आली होती, म्हणून मी हरकत समितीच्या अध्यक्षांना पाठवून दिली. साहेबराव म्हणून निवृत्त अभियंते होते. सरळ माणूस, पण नियमाच्या एक इंच अलीकडे पलीकडे नाही. उत्तर आलं: ‘पान उघडत नाही. पुढे बघावे असा मजकूर दिसतो. कृपया वैध संदर्भ द्यावा.’

मी तुम्हाला भेटून दाखवते, असं लिहिलं. ते नियमात बसत नव्हतं.

त्या आठवड्यात ऑफिसातला पाण्याचा जार दुपारीच संपू लागला. बिभीषण प्यायचा. उभा राहून, बसून, बोलता बोलता, ग्लासावर ग्लास. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

“शुगर तपास,” मी म्हटलं.

“तपासली. नॉर्मल आहे. मॅडम, पाणी पोटात जातंय, पण घशाला लागतच नाही.” तो हसला, पण हसू पूर्ण झालं नाही.

माझीही बाटली लवकर संपत होती. उन्हाळाच तसा होता.

एका सकाळी मी सर्व्हरचा लॉग उघडला. कोशातलं कुठलंही पान कुणी मागितलं की लॉगमध्ये एक ओळ पडते: कुठल्या संगणकानं मागितलं, कुठलं पान. दिवसाकाठी थोड्या ओळी असतात. त्या सकाळी ओळींची रांग होती, आणि सगळी बिभीषणच्या संगणकाची. चिकलठाण्याची एक विहीर, तिच्या पुढची, तिच्याही पुढची. शेंद्रा. मग करमाड. पानं नकाशावर मांडली, तर जालना रोडच्या कडेनं पूर्वेला जाणारी एक रेघ निघाली. दोन विहिरींमध्ये जितकं अंतर जास्त, तितका वेळ जास्त गेलेला होता. माणसाला पायी चालायला लागेल तेवढा.

बिभीषणचा संगणक बंद होता. मी जाऊन भिंतीतली पिन पाहिली. तीही काढलेली होती.

तो त्या दिवशी आला नाही. दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. करमाडच्या पुढं रस्त्याच्या कडेनं चालताना एका टेम्पोवाल्यानं त्याला पाहिलं, ओळखीचा म्हणून गाडीत घातलं आणि घरी आणून सोडलं. हातात रिकामी बाटली होती. कुठं निघालास, असं विचारलं तर म्हणाला, “पुढं आहे म्हणाले.”

मी घाबरले होते, हे इथंच सांगून टाकते. पण घाबरलं की मला राग येतो, आणि राग आला की मी घरी बसत नाही. स्कूटर काढली आणि हर्सूल गाठलं.

तळं आटून त्याची भेगाळलेली माती झाली होती. कारागृहाच्या भिंतीवरून पुढं, नव्या वसाहतींच्या कमानी मागं टाकल्यावर जटवाड्याच्या रस्त्याला वस्ती लागली. जाळीच्या वाड्यात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. सुगंधाबाई लोकर पिंजत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी लॉगसुद्धा. त्यांचा हात थांबला.

“तुमी पाण्याचा निरोप धाडला?” त्या म्हणाल्या.

“लिंक पाठवली.”

“तेच की. बाई, आमच्यात पाण्याचा निरोप धाडत नाहीत. दुष्काळात कुणाला पाणी सांगायचं असलं तर आपण सोता जायाचं, त्याचा हात धरायचा न् काठावर आणून उभं करायचं. फलान्या जागी पाणी हाय, जा, असं तोंडानं नाय म्हणायचं. लई वंगाळ असतं ते.”

“का? काय होतं?”

“बाहात्तरच्या साली माझ्या सासऱ्यानं पाव्हण्याला निरोप धाडला. लई मेंढरं होती त्याच्याकडं, बायकापोरं होती. सासरा वाट बघत बसला. ते आलेच नाय.” त्या पुन्हा लोकर पिंजू लागल्या. “वस्तीच्या बाजूनं गेले म्हणतेत. इथं बारव असून त्यांना दिसली नाय. पुढं गेले.”

“पुढं म्हणजे कुठं?”

“पुढं.”

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. तान्हेला माणूस उन्हात वाट चुकतो, त्याला कुणाचा शाप लागत नाही. तरी मी विचारलं, “मग अशा माणसाला परत आणायचं कसं?”

“ज्यानं निरोप धाडला, त्यानंच जाऊन हाताला धरायचं. दुसऱ्याचं काम नाय ते.”

पटत नाही म्हणून करून बघायचं नाही, असा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी बिभीषणला रिक्षात घातलं. वस्तीपाशी उतरून मी त्याचा हात धरला. हात तापलेला होता. बारव समोर होती, पायऱ्यांवर बायका घागरी घेऊन चढत उतरत होत्या, आणि हा बाबा म्हणतो, “कुठंय मॅडम? मैदान तर आहे.” मी त्याला ओढत पहिल्या पायरीवर आणलं. तिथं तो थबकला. मग त्याला दिसलं. खाली उतरून, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी तो पाणी प्यायला आणि लहान मुलासारखा रडला. सुगंधाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याचं रडून झाल्यावर मी त्याला मोबाईल उघडायला लावला. माझी जुनी मेल, तीच लिंक. पान उघडलं. लॉगमधली त्याची रांग बदनापूरच्या अलीकडे संपलेली होती.

राहिले साहेबराव. त्यांना आता मी नियमातच गाठलं. अध्यक्षांना प्रत्यक्ष पाहणीचा अधिकार आहे, असं एक कलम होतं. ते मी त्यांच्याच भाषेत लिहून कळवलं. एरवी ते आले नसते. पण त्यांचेही ओठ फुटले होते, आणि गाडीच्या मागच्या सीटवर रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता.

“इथे काही नाही,” गाडीतून उतरून ते म्हणाले. “सपाट जमीन आहे.”

“साहेब, हात द्या.”

“काय?”

“हात द्या म्हणते ना.”

त्यांचा ड्रायव्हर बघत राहिला. मी अध्यक्षांचा हात धरून त्यांना चालवत नेलं. आमच्या ऑफिसात हे कळलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. पहिल्या पायरीवर त्यांनी डोळे मिटून उघडले. खाली उतरले, प्यायले, बराच वेळ प्यायले. मग रुमालानं तोंड पुसून, नेहमीच्या आवाजात त्यांनी निर्णय सांगितला. रस्ता वळवता येईल. मात्र समिती आटलेल्या विहिरीसाठी रस्ता वळवत नाही. त्यांनी पाण्याच्या पातळीखाली, बुडालेल्या पायरीवर तांबड्या रंगाची एक जुनी खूण दाखवली. जून संपेपर्यंत ती पाण्याखाली राहिली तर बारव जिवंत. उघडी पडली तर आटली, आणि रस्ता सरळ जाणार.

“आमी लई जपून वापरतो,” सुगंधाबाई म्हणाल्या. “नाय पडायची उघडी.”

साहेबराव गेले. वस्तीतल्या बायका हसत होत्या, कुणीतरी माझ्या कपाळावर भंडारा लावला. मी जिंकले होते. घसा कोरडा पडला होता. मी पोहरा सोडला. तो भरल्याचा बुडबुड आवाज आला. ओढताना दोर जड लागला, हाताला रग लागली. वर आला तेव्हा रिकामा होता. आत ओलसुद्धा नव्हती.

पुन्हा सोडला. पुन्हा जड, पुन्हा कोरडा. मी पायऱ्या उतरून गेले. लांबून दिसणारं पाणी जवळ गेल्यावर वाळलेला गाळ झालं. माझ्या बाजूलाच एक बाई त्याच जागी घागर बुडवत होती आणि तिच्या कोपरावरून पाणी निथळत होतं.

“बाई,” वरून सुगंधाबाईंनी हळूच विचारलं, “तुला कुणी निरोप धाडला व्हता?”

तेव्हा मला ती पहिली मेल आठवली.

“मीच,” मी म्हटलं. “मीच मला धाडला.”

त्या खाली आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मंग तुला कोण आणणार गं? थांब. मी वरून घालते, तू ओंजळ धर. माझ्या हातचं लागंल कदाचित.”

त्यांनी कळशी उचलली. माझे हात आपोआप पुढं होऊ लागले, आणि मी ते मागं घेतले.

माझी आजी पारूबाई तिच्या गावच्या विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभी राहायची. वरून कुणी ओतेल तेव्हा प्यायची, न ओतलं तर तशीच घरी जायची. शहरात आल्यावर तिनं दारात नळ घेतला. पहिल्या दिवशी तो तिनं बंदच केला नाही. शेजारी ओरडले तर म्हणाली, वाहू द्या, माझ्या हातानं सोडलाय. त्या नळाखाली मी वाढले आहे.

“सुगंधाबाई, ओंजळ नाही धरायची मी.”

“तसं नाय गं म्हणत मी, लेकी. माझ्या मनात तसलं काई...”

“ठाऊक आहे मला. तरी नाही.” मी हात पाठीमागं बांधले. “या विहिरीसाठी मी भांडले. इथलं पाणी मी माझ्या हातानं काढून पिणार.”

ऑफिसात येऊन मी लॉगमध्ये माझ्या संगणकाचा क्रमांक शोधला. इतके दिवस मी सगळ्यांचे शोधले, स्वतःचा नव्हता शोधला. रांग होती. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, अजिंठ्याच्या रस्त्यानं उत्तरेला. फुलंब्रीला आमचा कोश संपतो. रांग संपत नव्हती. आळंद, भवन, सिल्लोड. तिथल्या विहिरींची पानं कुणी केलेलीच नाहीत, पण माझ्या नावानं ती मागितली जात होती आणि सर्व्हर प्रत्येकीला ‘आहे’ म्हणत होता.

बिभीषण माझ्या खांद्यामागून बघत होता. “मॅडम, आता काय?”

“काय म्हणजे? तुला आणलं, अध्यक्षांना आणलं. मलाही आणीन.”

कोश माझा आहे, हे मी आधीच सांगितलं. पान न सापडल्यावर दिसणाऱ्या मजकुराची जागा मी उघडली आणि तिथं लिहिलं: ‘सुलेखा, माघारी ये. मी काठावर आहे.’ पुसला जाईल असं वाटलं होतं. राहिला. दुपारपर्यंत लॉगमधली रांग सिल्लोडपाशी थबकलेली होती. संध्याकाळी नवी ओळ पडली. भवन. मग आळंद.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाटल्यांवर बाटल्या रिचवत होते आणि घसा जळत होता. पण रोज लॉग बघताना मनात भीतीपेक्षा हट्टच जास्त होता. ये म्हणावं. बघू कशी चुकतेस. जून सरत आला होता, आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, आणि तांबडी खूण अजून पाण्याखाली होती. वस्तीनं मेंढरं दुसरीकडे हलवली होती, घागरी कमी केल्या होत्या. खुणेच्या वर फक्त थोडंसं पाणी होतं.

रविवारी सकाळी ओळ पडली, सावंगी. मी वस्तीवर गेले.

दुपार झाली. ऊन इतकं, की दगडावर पाय ठरेना. बायका सावलीला गेल्या होत्या. सुगंधाबाई वरच्या पायरीवर बसून होत्या, मी नको म्हटलं तरी उठल्या नाहीत. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले आणि उजवा हात मागं, रस्त्याच्या दिशेला धरला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग वहाणा घासत चालल्याचा आवाज आला. तो पायऱ्यांपाशी थांबला.

“आपली पायरी हाय बाई, भिऊ नको,” सुगंधाबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

माझ्या हातात हात आला. कोरडा, तळव्याला टाचेसारख्या भेगा पडलेला. मनगटावर माझ्याच घड्याळाचा पट्टा लागला, आणि माझं घड्याळ तर माझ्या डाव्या हातात होतं.

मी वळून पाहिलं नाही. हात घट्ट धरला आणि एकेक पायरी खाली उतरले. या वेळी गाळ नव्हता. पाणी होतं, काळं, गार, पायाच्या बोटांना लागणारं. मी डाव्या हातानं पोहरा बुडवला आणि काठोकाठ भरलेला वर काढला. माझ्या हातानं. मला मोठ्यानं हसू आलं. तो हसण्याचा आवाज बारवेत घुमला आणि आजीची आठवण आली.

पाहुण्याला आधी द्यावं म्हणून मी पोहरा मागं केला.

ती प्यायली. घोट तिचे होते, घसा माझा ओला होत होता. इतक्या दिवसांची आग पहिल्यांदाच खाली उतरत होती. पोहरा रिकामा झाला. मी भरला. पुन्हा रिकामा झाला. पुन्हा भरला.

“सुलेखा,” वरून सुगंधाबाईंची हाक आली. “पाणी उतरायलंय गं.”

मला दिसत होतं. पायाची बोटं कोरडी पडली होती.

हात सोडायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मी सोडला नाही. पोहरा तेवढा खाली ठेवायचा होता आणि म्हणायचं होतं, पुरे.

मी तोंड उघडलं.

“आणखी,” मी म्हणाले.

पाण्याखालून तांबडी खूण वर येत होती.